माझ्या दुकानातलं स्टूल

शेठबद्दल चांगलं बोलायची वेळ आली की मी विषय बदलतो. माणूस चांगला होता हे मी सांगायची गरज नाही. नारायणगावात कुणालाही विचारा, अर्धा तास सांगत बसेल. तोच तर त्रास होता. त्यांना वाईट म्हणणारा एकही माणूस मला इतक्या वर्षांत भेटला नाही, आणि मी मात्र त्यांच्यावर नऊ वर्षं जळत होतो. दुसऱ्याचं चांगलं बघून पोटात दुखतं म्हणजे नक्की कुठे दुखतं, ते मला या माणसामुळे कळलं. बाकीही पुष्कळ कळलं, पण ते कबूल करायची माझी तयारी नव्हती.

ते माझे गाळामालक. घराणं मूळचं राजस्थानातलं, जैन, पण तीन पिढ्या नारायणगावात गेलेल्या. घरात मारवाडी बोलायचे, बाहेर आमच्यासारखंच. भांड्यांचं मोठं दुकान होतं आणि शेठनी उमेदीची सगळी वर्षं त्या दुकानात भांड्यांवर नावं घालण्यात काढली. लग्नसराईत ताटं, तांबे, पराती यांचे ढीग लागायचे आणि शेठ ते सुईचं घरघरणारं मशीन हातात धरून 'मामाकडून सप्रेम भेट' काढत बसायचे. वाटीच्या बुडावर दोन ओळी बसवायचे आणि अक्षर कुठे हललेलं नसायचं. पुढे मुलांनी दुकान हातात घेतलं, नावं घालायला माणूस ठेवला आणि शेठ रिकामे झाले. नेमका त्याच सुमाराला, दोन हजार सालाच्या आसपास, मी पुण्याहून हार्डवेअरचा डिप्लोमा करून परत आलो आणि स्टँडमागचा त्यांचा गाळा घेतला. काचेचं दार, एक टेबल, दोन कॉम्प्युटर आणि भिंतीवर फ्रेम करून लावलेला डिप्लोमा, एवढं माझं भांडवल. पहिल्याच आठवड्यात शेठ घरून एक लाकडी स्टूल घेऊन आले आणि म्हणाले, "बसू का जरा, इंजिनेर?"

गाळा त्यांचा, स्टूलही त्यांचं. नाही कसं म्हणणार? ते बसले ते नऊ वर्षं उठले नाहीत.

पहिलं वर्षभर ते नुसते बघत होते. हात मांडीवर, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, तोंडातून अवाक्षर नाही. मला वाटायचं, म्हाताऱ्याचा वेळ जात नाही, बसू दे. मग एक दिवस मी एका मशीनची मेमरीची पट्टी उलटी बसवत होतो आणि स्टुलावरून आवाज आला, "थांब." मी चिडून वळून बघितलं. शेठ म्हणाले, "खाच तिकडच्या अंगाला हाय. मगाशी काढली तवा तशी व्हती." खरंच तशी होती. त्या दिवसापासून 'थांब' हा शब्द माझ्या दुकानात राहायलाच आला. दिवसातून एकदा, कधी दोनदा, पण वाया गेलेला एकही नाही. माझा हात चुकणार असेल तेव्हाच ते बोलायचे. आणि माझा हात चुकणार आहे हे माझ्या आधी त्यांना कळायचं, ही गोष्ट मला सहन होत नसे.

दुसऱ्या वर्षी ते स्वतः मशीन उघडायला लागले. इंग्रजी येत नव्हतं, म्हणून त्यांनी सगळ्या भागांना दुकानातली नावं देऊन टाकली. मदरबोर्ड म्हणजे परात, प्रोसेसर म्हणजे बिस्कीट, त्याच्यावरचा हीटसिंक म्हणजे किसणी. गिऱ्हाईक आलं की मी माझ्या परीने सगळं नीट समजावून सांगायचो, तो माणूस मान हलवत ऐकून घ्यायचा आणि शेवटी स्टुलाकडे वळून विचारायचा, "म्हंजे काय झालंय, शेठ?" शेठ म्हणायचे, "काय न्हाई राव, किसणीत कचरा बसलाय, बिस्कीट तापतंय." गिऱ्हाईक समाधानाने हसायचं. त्या वेळी माझ्या डोक्यावर माझा डिप्लोमा टांगलेला असायचा.

त्यांच्या तऱ्हा सांगाव्यात तेवढ्या थोड्या. सकाळी येताना घरून कणकेचा गोळा आणायचे. लॅपटॉप उघडताना तो स्टीलच्या ताटात थापायचे आणि स्क्रू जसजसे निघतील तसतसे त्या कणकेत त्याच जागी खोचत जायचे. वरच्या डाव्या कोपऱ्यातला स्क्रू कणकेच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात. काम झालं की ताटात लॅपटॉपचा नकाशा उभा. मी पहिल्यांदा ते बघितलं तेव्हा पोट धरून हसलो. माझ्या टेबलावर दर कामामागे एखादा स्क्रू उरायचा, त्यांच्या ताटात कधी उरला नाही. ते म्हणायचे, "स्क्रू कदी हरवत न्हाई. आपलं ध्यान हरवतं." पुढे ते गावाला गेले की मी आतून दार लावून घेऊन कणीक वापरायचो. घरी कणीक मागताना बायकोला सांगायचो की दुकानात मासे पाळलेत.

बायकोचंही तेच. घरातला मिक्सर बिघडला की माझ्याकडे न बघता म्हणायची, "शेठना दाखवून आणा." मी म्हणायचो, अगं, मी इंजिनिअर आहे. ती म्हणायची, "हो, पण मला चटणी आज करायचीय."

आणि शेठचा एक नेम, जीव म्हणून मारायचा नाही. आपल्याकडे बंद पडलेलं मशीन उघडलं की निम्म्या वेळा आत मुंग्या निघतात. मी फूं करून ब्लोअर मारायचो. शेठ मऊ ब्रशाने एकेक मुंगी कागदावर घ्यायचे आणि बाहेर लिंबाखाली सोडून यायचे. गिऱ्हाईक ताटकळत बसलेलं असायचं, पण कुरकुर करायचं नाही. उलट हात जोडायचं. एकदा खोडदच्या एका बागायतदाराचा कॉम्प्युटर आला. उघडला तर आत कोपऱ्यात पालीची दोन अंडी. शेठनी झाकण परत लावलं आणि सांगितलं, "पिल्लं निघाल्याबिगार ह्याला हात न्हाई लावायचा." मी म्हटलं, अहो, त्यांचा द्राक्षांचा सगळा हिशेब त्यात आहे. शेठनी माझ्या टेबलावरचं मशीन उचललं, डब्यातली डिस्क तेवढी अलगद काढून माझ्याच डोळ्यांदेखत त्यात बसवली आणि ते बागायतदाराला दिलं. बाकीचा डबा अंड्यांसकट महिनाभर शेठच्या माळ्यावर पडून होता. मी एका मशीनवर महिना काढला आणि रोज मनात ठरवलं की हा म्हातारा माझा धंदा बुडवणार. झालं उलटंच. त्या बागायतदाराने ही गोष्ट अख्ख्या खोडदभर सांगितली आणि तिकडची कामं माझ्याकडे यायला लागली. माझ्याकडे म्हणजे काय, दारातून आत आल्यावर त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "शेठ हायेत का?"

मला एकदाच, फक्त एकदाच, कुणीतरी दारातून माझं नाव घ्यायला हवं होतं. हसू येईल, पण तेवढ्यासाठी मी काहीही दिलं असतं.

ती संधी दोन हजार नऊच्या उन्हाळ्यात आली. आंबेगाव तालुक्यातून, डिंभे धरणाच्या पलीकडच्या डोंगरातून, एक मुलगी आणि तिचा बाप जीपगाड्या बदलत आले होते. बापाने लॅपटॉप घोंगडीत गुंडाळून छातीशी धरलेला. मुलगी पुण्याला आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षाला होती, त्यांच्या वाडीतून एवढी शिकणारी पहिलीच. भात आणि हिरडा विकून त्यांनी तो लॅपटॉप कुणाकडून तरी जुना घेतला होता. आता तिला इमारतीचं चित्र कॉम्प्युटरवर चारी बाजूंनी फिरवून दाखवायचं होतं आणि चित्र फिरवलं की मशीन गपगार पडायचं. सबमिशन आठ दिवसांवर. तिने मित्रांना विचारून कागदावर लिहून आणलं होतं: ग्राफिक्स कार्ड आणि प्रोसेसर, दोन्ही वरच्या ताकदीचे बसवायचे. पुण्यातल्या दुकानांनी सांगितलं होतं, नवीन घ्या. ते काही शक्य नव्हतं. सबमिशन झालं नाही तर वर्ष गेलं, आणि बाप म्हणाला तसं, "वर्स गेलं तर परत धाडायची आमची ऐपत न्हाई."

हे सगळं तो शेठकडे बघून सांगत होता. दारातच त्याने विचारलं होतं, "शेठ कोन?"

शेठनी मशीन हातात घेऊन वजन बघितलं, उलटं केलं आणि म्हणाले, "बिस्कीट बदलंल. पर चित्राचं कार्ड न्हाई बदलायचं, पावणं. लॅपटॉपात ते परातीलाच चिकटवल्यालं असतंय. डेस्कटॉपासारखं उपटून दुसरं न्हाई लावता येत."

मुलीचा चेहरा पडला. आणि माझ्या अंगात वीज शिरली. कारण ते मॉडेल मला माहीत होतं. नव्वद टक्के लॅपटॉपांत कार्ड चिकटवलेलंच असतं, शेठ म्हणतात तेच बरोबर. पण या एका मॉडेलात ते वेगळं, खाचेत बसवलेलं होतं. मी म्हणालो, "यात निघतं." शेठ म्हणाले, "न्हाई रं." मी तिथेच, सगळ्यांसमोर, मागचं झाकण उघडलं आणि दोन स्क्रू काढून ते कार्ड अलगद बाहेर काढून टेबलावर ठेवलं.

शेठनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "हाय की," ते म्हणाले. "मला ठावं नव्हतं."

नऊ वर्षांत पहिल्यांदा. मला त्या क्षणी पेढे वाटावेसे वाटले. मुलगी माझ्याकडे बघत होती. "सर, मग होईल ना दोन्ही?"

"दोन्ही होईल. तुमच्या सबमिशनच्या आत," मी म्हणालो, आणि तेवढ्यावर न थांबता पुढे बोललो, "शेठ, हे काम मी एकटा करतो. तुम्ही बसा."

शेठ स्टुलावर बसले.

त्याच मॉडेलचं वरचं कार्ड आणि त्याच खाचेत बसणारा प्रोसेसर पुण्याहून आणायचा होता. नमुना म्हणून जुना प्रोसेसर काढून बरोबर नेला. प्रोसेसरच्या खाचेशेजारी एक स्क्रूसारखं कुलूप असतं. ते अर्धा वेढा फिरवून उघडायचं, प्रोसेसर नुसता ठेवायचा, आणि उलट फिरवून बंद करायचं. जुना काढल्यावर ते सैल हलत राहू नये म्हणून मी परत बंद करून ठेवलं होतं. दोन्ही वस्तू मिळाल्या. पाचव्या दिवशी सकाळी मी कामाला बसलो. शेठनी कणकेचं ताट माझ्याकडे सरकवलं. मी ते हाताने बाजूला केलं.

कार्ड सुरेख बसलं. मग मी नवा प्रोसेसर घेतला. त्याच्या पोटाखाली केसासारख्या शेकडो पिना असतात. तो खाचेवर ठेवला आणि, खरं सांगायचं तर, त्या क्षणी माझं लक्ष खाचेकडे नव्हतंच. शेठ बघताहेत की नाही हे बघायला मी मान वर केली होती. ते बघत होते. त्यांचं तोंड किंचित उघडलेलं होतं. मी तसाच अंगठ्याने दाबला.

कट्.

कुलूप उघडलंच नव्हतं. सात-आठ पिना आडव्या झाल्या होत्या आणि एक तुटून खाचेतच अडकली होती. म्हणजे नवा तर गेलाच, आता जुनाही तिथे बसणार नव्हता. सबमिशनला चार दिवस उरले होते, आणि तसा प्रोसेसर पुण्यातही तो एकच मिळाला होता. आणि काय दैव बघा, त्याच वेळी काचेच्या दारात बाप-लेक उभे.

"झालं का, सर?" मुलीने विचारलं.

पुढचं वाक्य मी ठरवून बोललो नाही. पण बोललो मीच. "होत आलं होतं. शेठनी मधे हात घातला आणि पिन तुटली."

दुकानात सगळे स्टुलाकडे बघायला लागले. शेठनी माझ्याकडे एकदा बघितलं. रागाने नाही, माझं काही हरवलंय आणि ते शोधताहेत, असं. बाप म्हणाला, "शेठ, आमी तुमच्या नावावर आलो व्हतो हितवर." मुलगी बापाच्या खांद्यावरच्या घोंगडीत तोंड घालून रडायला लागली. शेठ 'मी नाही' म्हणाले नाहीत, 'मी' असंही म्हणाले नाहीत. खोटं बोलायची त्यांच्यात चाल नव्हती. ते एवढंच म्हणाले, "पावणं, दोन दिस द्या. पोरीचं काम व्हईल."

ते दोन दिवस शेठ माझ्या खुर्चीवर बसले आणि मी त्यांच्या स्टुलावर. टेबल दारापाशी उन्हात ओढलेलं. डोळ्याला भिंग, हातात नावं घालायच्या मशीनची सुटी सुई. एकेक पिन श्वास रोखून सरळ करायची, मग थांबायचं, हात पुसायचा, मग पुढची. खाचेत अडकलेला तुकडा काढायला अख्खी सकाळ गेली. तुटलेल्या पिनेच्या जागी त्यांनी वायरीतला केसाएवढा तांब्याचा धागा त्या भोकात उभा केला आणि त्याच्यावर प्रोसेसर ठेवला. तसं करता येतं हे मला कुणी शिकवलं नव्हतं. त्यांनाही नव्हतं. दुसऱ्या दुपारी मशीन चालू झालं आणि पडद्यावर त्या मुलीची इमारत सावकाश, न अडखळता, गोल फिरली. बघताना मला आनंद व्हायला हवा होता. पोरीचं वर्ष वाचलं होतं. माझ्या मनात आलं ते हे, की असे हात मला का नाहीत.

बाप-लेक येताना दिसले तसे शेठ खुर्चीवरून उठले आणि मला स्टुलावरून उठवून स्वतः तिथे बसले. मुलीने इमारत फिरवून बघितली आणि हसली. बापाने घरच्या तांदळाचं गाठोडं माझ्यापुढे ठेवलं. "सायेब, तुमी व्हता म्हनून झालं." मग तो शेठकडे वळला. "शेठ, राग मानू नका. पर आता वय झालं तुमचं. मशीनला हात लावत जाऊ नका."

"खरंय," शेठ म्हणाले.

मला बोलता आलं असतं. फक्त तोंड उघडायचं होतं. तांदूळ घरी नेला, बायकोने भात केला, सगळ्या घरात वास सुटला. मी दोनदा वाढून घेतला.

पुढच्या सोमवारपासून शेठ आले नाहीत. गोष्ट तोवर डोंगरातून खाली आली होती: शेठनी बिघडवलं, इंजिनिअरने सावरलं. गिऱ्हाईकं येत राहिली, आणि आता दारातून माझं नाव घ्यायला लागली. स्टूल रिकामं होतं. मी त्याच्यावर प्रिंटर ठेवला.

मग पर्युषण, जैनांचं उपासांचं पर्व, आलं आणि गेलं. त्याचा शेवटचा दिवस संवत्सरी, तिच्या दुसऱ्या दिवशी सकाळी शेठ पांढऱ्या स्वच्छ कपड्यांत दुकानात आले. दरवर्षी यायचे. वर्षभरात कळत-नकळत दुखावलं असेल तर क्षमा मागायची, ही त्यांच्यातली रीत. बाकीचे लोक 'मिच्छामि दुक्कडम्' म्हणून हात जोडतात आणि पुढे जातात. शेठ मात्र काय चुकलं ते नेमकं सांगायचे. एकदा माझी छत्री न विचारता नेल्याबद्दल मागितली होती, आणि मी हसलो होतो. या वेळी ते आत आले आणि उभेच राहिले.

"त्या पोरीचं मशीन," ते म्हणाले. "कुलूप लागल्यालं मला दिसलं व्हतं. तोंडात थांब आला व्हता, इंजिनेर. मी गिळला. म्हनलं, लई शाना झालाय, आपटू दे."

मी टेबलावरचे सुटे स्क्रू डबीत भरायला लागलो.

"मला मॅट्रिकला गणितात लई मार्क व्हते. पुण्याला जायचं व्हतं शिकाया. वडलांनी हातात सुई दिली. तुझ्या त्या भिंतीवरच्या कागदाखाली नऊ वर्सं बसलो, आन रोज वाटायचं, ह्यो माजा पायजे व्हता. पोरीचं वर्स गेलं असतं माज्या जळण्यापायी. तू काय बोललास ते तुजं तू बघ. माजं मी सांगाया आलोय. मिच्छामि दुक्कडम्."

त्यांनी हात जोडले आणि जोडलेलेच ठेवले. आता माझी पाळी होती. त्यांच्या डोळ्यांत घाई नव्हती, अपेक्षाही नव्हती. नुसते थांबले होते. मी दोन वाक्यांत मोकळा झालो असतो. मी घाईघाईने हात जोडले आणि रामराम म्हणावं तसं म्हणालो, "मिच्छामि दुक्कडम्, शेठ, मिच्छामि दुक्कडम्. चहा सांगू?"

"नको," ते म्हणाले. "पारणं करूनच निघालोय."

ते बाहेर पडले आणि शेजारच्या गाळ्यातल्या शिंप्याकडे गेले. मधे नुसता पत्र्याचा पडदा, सगळं ऐकू यायचं. "परवा तुझ्या मशीनच्या आवाजावरनं मी वाकडं बोललो बग. मिच्छामि दुक्कडम्." शिंप्याचं मशीन थांबलं. "आवो शेठ," तो म्हणाला, "मी तुमचा पायजमा दोन बोटं आखूड शिवला आन म्हनलं धुऊन आटला आसंल! मला बी माफ करा." दोघेही मोठ्याने हसले. मी काचेच्या दाराआड उभा राहून ते हसणं ऐकत होतो. त्या शिंप्यावर मी त्या सकाळी जेवढा जळलो, तेवढा नऊ वर्षांत शेठवरही कधी जळलो नव्हतो.